फळ्यावरचे किलोमीटर

नकाशेकाकांच्या तोंडातला कापूस दातांच्या डॉक्टरांनी काढला आणि तिथेच घात झाला. तोवर अर्धा तास डॉक्टर एकटेच बोलत होते. दाढ कोरता कोरता त्यांनी सायकलवर घाट चढून दाखवला, उतारावरचा वारा ऐकवला आणि यंदा आठ हजार किलोमीटर झाले, हेही हळूच सोडून दिले. जबडा उघडा आणि आत यंत्र, अशा माणसाला या गोष्टी सांगणे फार सोयीचे असते.

काकांनी चूळ भरली. "आठ हजार! म्हणजे आमच्याच नकाशावर की!"

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सायकलवाल्यांसाठी त्यांनी आडवाटांचा नकाशा नेटवर फुकट ठेवला होता. कुठे चढ, कुठे खड्डे, कुठली कुत्री मागे लागतात, सगळे त्यात होते. जाहिरात नाही, नफा नाही. वर्षातून एकदा वर्गणी मागायचे, तेवढाच काय तो त्रास.

"अर्थात! तुमच्या नकाशाशिवाय आमचं पान हलत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग यंदा वर्गणी द्याच. किती, ते ज्याने त्याने ठरवायचं. किलोमीटरमागे एक रुपया धरतो आम्ही. सायकलच्या दुकानाबाहेर फळ्यावर आकडा लिहितो, म्हणजे इतरांनाही हुरूप येतो."

डॉक्टरांचा हुरूप मात्र तिथेच गळाला. रोज सकाळी ते घट्ट कपडे आणि हेल्मेट घालून निघत हे खरे, पण जात तलावापर्यंत. तिथल्या बाकावर पेपर वाचून होई, मग येताना फाटकाबाहेर थांबून बाटलीतले पाणी कपाळावर शिंपडत. हेही जेव्हा झोप मोडे तेव्हाच.

संध्याकाळी दवाखान्याचा काउंटर आवरणाऱ्या बायकोला ते म्हणाले, "पाचशे देतो."

"म्हणजे वर्षात पाचशे किलोमीटर? परवा माझ्या भावाला महिन्यात हजार सांगितलेत."

"मग दोन हजार."

"खालच्या औषधवाल्यांनी साडेसात लिहिलेत. फळा बघून आलेय मी."

"साडेसात हजार? त्याला जिना चढताना धाप लागते!"

"त्यांचं ते बघतील. तुमचे खरे किती झालेत?"

"चाळीस," डॉक्टर पुटपुटले.

"मग चाळीस द्या आणि मोकळे व्हा!"

मोकळे व्हा म्हणे! चाळीस लिहिले तर पेशंट भूल दिल्यावरही हसतील. डॉक्टर स्वतः फळा पाहून आले. सगळ्यात वर औषधवाला, त्याखाली वकील, त्याखाली बँकेचे मॅनेजर. पोस्टमनचे नाव कुठेच नव्हते. तो दिवसभर सायकलवर असतो, पण आपण किती फिरतो हे त्याला ठाऊक नाही. डॉक्टरांनी दात ओठ खाऊन आठ हजार भरले.

दोन दिवसांत ते फळ्यासमोरून मुद्दाम चारदा गेले. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "अभिनंदन! पहिला नंबर तुमचा. रविवारी ऐंशी किलोमीटरची फेरी आहे, घाटातून. पुढे राहण्याचा मान तुमचा. पंचवीस जण मागे असतील."

शनिवारी पायाला जाडजूड पट्टी गुंडाळून डॉक्टर दुकानाच्या माडीवर, काकांच्या खोलीत हजर झाले.

"पाय मुरगळला हो, काका."

"बसा. गेल्या वर्षी औषधवाल्यांची कंबर धरली होती." काका शांतपणे म्हणाले. "काळजी करू नका, फेरी निघतच नाही. घाटातला रस्ता खचून दोन वर्षं झाली. नकाशा उघडलात तर तिथे मोठी लाल फुली आहे."

डॉक्टरांचे कान तापले. गेल्याच आठवड्यात, काकांच्या तोंडात यंत्र असताना, त्यांनी तो घाट दोनदा चढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपली लाज वाटली.

"काका, खरं सांगतो. माझे चाळीसच झालेत."

"हरकत नाही. चाळीस ठेवतो, बाकीचे परत घेऊन जा." काकांनी पैसे काढून टेबलावर ठेवले आणि खडू उचलला. "फळ्यावरही दुरुस्ती करतो."

"फळ्यावर कशाला?"

"नियम आहे. अहो, खऱ्या किलोमीटरवर आमचा नकाशा महिनाभरही चालायचा नाही. पण कुणाला खरं लिहायचं असेल, तर मी अडवत नाही. अजून कुणी म्हणालं नाही, एवढंच."

तेवढ्यात खालून औषधवाल्याची हाक आली. "काका, माझे आठ हजार शंभर करा! या आठवड्यात बरंच फिरणं झालं!"

डॉक्टरांनी टेबलावरच्या नोटांकडे पाहिले, काकांच्या हातातल्या खडूकडे पाहिले आणि ताडकन उठून खिडकीशी गेले.

"माझे आठ हजार दोनशे!" ते ओरडले.

वळून त्यांनी खिशात हात घातला, तोवर काकांनी दोनशेची पावती फाडलीसुद्धा होती.