सीटखालचा मासा

सात वेळा नापास होऊन आठव्या खेपेला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी यंग-रेबाईंना गाडी चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा सगळ्यात जास्त धास्तावल्या त्या त्यांच्या वन्सं. नवी गाडी दारात येताच, अपघात टळावा म्हणून जुन्या रीतीप्रमाणे वन्सं तांदळाची दारू आणि पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा घेऊन हजर.

“चाकांवर थोडी ओतते. मासा गाडीत ठेव. याचे डोळे कधी मिटत नाहीत. तुझे मिटलेच, तर हा बघेल.”

“वन्सं, रविवारी चर्चमध्ये ज्येष्ठ सेविका म्हणून माझं नाव जाहीर होणारेय. वीस वर्षं वाट बघितलीय. पाळकसाहेबांनी हे बघितलं तर संपलंच.”

“बरं बाई,” म्हणून वन्सं गाडीभोवती एक चक्कर मारून निघून गेल्या. इतक्या सहज ऐकणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या, पण यंग-रेबाई नव्या गाडीच्या आनंदात होत्या.

रविवारी ठेवणीतला हानबोक, सणासुदीचा कोरियन पोशाख, घालून त्या निघाल्या. वीस वर्षं याच रस्त्याने त्या बसने जात होत्या. आज स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं. बसथांब्यावर खुद्द पाळकसाहेब उभे दिसले. त्यांची गाडी बंद पडली होती.

“बसा ना, साहेब.”

ते बसले. पहिल्याच सिग्नलला बाईंनी असा ब्रेक दाबला, की सीटखालून मासा सरकत थेट पाळकसाहेबांच्या बुटांवर आला.

“यंग-रेबाई, हे काय?”

“सुपाचं सामान.”

“मग दोरा कशाला?”

“सुटू नये म्हणून.”

गेल्याच रविवारी पाळकसाहेब अंधश्रद्धेवर तासभर बोलले होते. ते पुन्हा तोंड उघडणार, इतक्यात समोर वळसा घालायचा गोल चौक आला. बाईंना बाहेर पडायची वाट सापडेना. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसऱ्या फेरीला मागून ट्रक बोंबलू लागला. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. ती नेहमीपेक्षा बरीच थोडक्यात होती.

चर्चच्या दारात ते उतरले, तेव्हा मासा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलेला होता. तो सीटवर ठेवून ते तडक आत गेले. सेवापद गेलं, हे धरूनच बाई मागच्या बाकावर बसल्या. पण नाव जाहीर झालं. बाईंना रडूच फुटलं.

प्रार्थना आटोपल्यावर पाळकसाहेब गाडीपाशी उभे होते. परत जायलाही दुसरं वाहन नव्हतं.

“साहेब, मासा टाकून देते मी.”

“थांबा,” ते घाईने म्हणाले. त्यांनी मासा उचलला, काचेपाशी नीट टेकवला आणि त्याचं तोंड रस्त्याकडे केलं.

“सीटखालून त्याला काय दिसणार?”