हा बोलेना, ती नाव घेईना

"घरापासून सातपुड्यातल्या मोठ्या महादेवापर्यंत पायी जाईन! अन् वाटेनं तोंडातून एक शब्द काढनार नाई! काढला तर वापस येऊन पुन्हा घरून चालाले लागीन!"

ही गर्जना खुशालरावांनी आपल्या नव्या विहिरीच्या काठावर उभं राहून केली, आणि ती ऐकून शेजारच्या मळ्यातले नत्थुजी इतके हसले, इतके हसले, की दोघांनी धरलं नसतं तर विहिरीचं उद्घाटन त्यांच्याच हातून झालं असतं!

हसणारच! नांदगाव खंडेश्वरच्या पंचक्रोशीत खुशालरावांएवढा बोलका माणूस नव्हता. त्यांची वांगी झकास असायची, पण गिऱ्हाईक बिचकत यायचं. शेरभर वांग्यांबरोबर पायलीभर गप्पा घ्याव्या लागत ना! खुशालराव बांधावर उभे राहून बोलायला लागले की बैलसुद्धा जू मानेवर घेऊन खाली बसत. त्यांना ठाऊक असायचं, आता घाई नाही.

विहिरीला पाणी लागलं तर पायी येईन, असा खुशालरावांचा नवस होता. पाणी लागलं. तिथवर सगळं ठीक होतं. पण नत्थुजी म्हणाले, "पायी जान्यात काय हाय बा? पायी तं आपली गोदाबाई बुढी दरसाल जाते." झालं! खुशालरावांना तेवढं पुरलं, आणि साध्यासुध्या नवसाला मौनाचं शेपूट लागलं.

खुशालरावांची बायको जयवंता तेव्हा वाफ्यात खुरपत होती. तिनं खुरपं खाली ठेवलं.

"खरंच बोलनार नाई तुमी?"

"नाई!"

"पार महादेवापर्यंत?"

"सांगतलं ना एकडाव!"

"मंग मी बी येतो," जयवंता म्हणाली, आणि एखाद्या नव्या नवरीसारखी लगबगीनं दशम्या करायला घरी पळाली.

शिवरात्रीच्या आधी मंडळी निघाली. पुढे गोदाबाई, मागे नत्थुजी आणि दहा-पाच बायामाणसं. खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेतलेले खुशालराव वेशीपर्यंत अखंड बोलत होते. लांबच्या वाटेला लागण्याआधी उंट पाणी पिऊन घेतो ना, तसं! वेस ओलांडली आणि त्यांनी ओठ मिटले. मागची कुत्री भुंकायची थांबली. नत्थुजींनी कानात बोट घालून पाहिलं, आपलेच कान गेले की काय म्हणून!

आणि जयवंता सुरू झाली.

लग्न झाल्यापासून तिचं एकही वाक्य शेवटाला पोचलं नव्हतं. अर्ध्या वाटेत खुशालराव ते उचलून पळत. आता मैदान मोकळं! लग्नात तिच्या मामाला जेवायला मागच्या पंगतीत कसं बसवलं, इथपासून तिनं आरंभ केला. अमरावती आली तरी मामा अजून पंगतीतून उठले नव्हते. खुशालराव हातवारे करून 'पुरे' म्हणत, तर जयवंता म्हणे, "हां, सांगतो ना, सांगतो! दम तं धरा!"

त्यांच्या खुणांचा अर्थ लावायचं कामही आपोआप तिच्याकडे आलं. अमरावतीला एका भल्या माणसानं यात्रेकरूंसाठी गरम जिलेबी काढली होती. खुशालरावांनी जिलेबीकडे बोट दाखवलं, पोटावर हात फिरवला.

"पोट बिघडलं हाय त्याईचं," जयवंता वाढणाऱ्याला म्हणाली. "त्याईच्या वाटची माह्या पानावर टाका."

खुशालरावांनी डोळे वटारले. डोळे वटारायला मौनाची आडकाठी नव्हती!

मोर्शी मागे पडली, सातपुडा लागला. चढ, उतार, पुन्हा चढ. पळस फुलून जंगल लालभडक झालेलं, आणि त्याच्या जोडीला खुशालरावांचे डोळे! मग एका नाल्यात बोरीचा काटा त्यांच्या टाचेत असा शिरला की जणू भाड्यानं घर घेऊन राहायला आला. मंडळी पुढे गेली, काटा काढत हे दोघं मागे राहिले. काटा निघाला, टाच सुजली, आणि लंगडत लंगडत दोघं पुढच्या वळणावर पोचले, तर तिथं जंगल खात्याचा नाका!

नाक्यावर ओमप्रकाश नावाचा नाकेदार बसला होता. सरकारनं दिलेला खाकी कोट, आणि देवानं दिलेल्या भल्या मोठ्या मिशा. वरून नुकताच हुकूम आला होता: सागवानाची चोरटी तोड करणारा मस्तराम नावाचा बदमाश यात्रेकरूचं सोंग घेऊन बायकोसकट फिरतो आहे, जो धरील त्याला बढती! तेव्हापासून ओमप्रकाश येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याकडे, मांजर दुधाकडे पाहतं तसा पाहत होता.

"नाम काय तुझा?" त्यानं खुशालरावांना विचारलं.

"ते बोलत नाई," जयवंता म्हणाली.

"मुका आहे?"

"मुके असते तं काय पाह्यजे होतं! मौन धरलं हाय, महादेवासाठी."

"अच्छा! मग तू सांग. नाम काय?"

"जयवंता."

"तुझा नाही! याचा!"

जयवंतानं पदर पुढे ओढला. "मी कशी घेऊ, भाऊ? मालक हायेत माहे. नाव घेतलं तं त्याईचं आयुष्य कमी होते."

ओमप्रकाश आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. नवरा बोलत नाही, बायको नाव घेत नाही! अशी जोडी त्याच्या उभ्या नोकरीत नाक्यावर आली नव्हती.

"सरकारी काम आहे, बाई. नाम पाहिजे."

"मंग तुमीच वळखा," जयवंताला युक्ती सुचली. "मानसाचं समदं बरं चाल्लं हाय, पोटाले भाकर हाय, हिरीले पानी हाय. मंग तो मानूस कसा असते?"

"मस्त!" ओमप्रकाश म्हणाला.

"हां, बस! तसंच! अन् त्याच्या म्होरं..."

"मस्त... राम!" ओमप्रकाश असा उठला की स्टूल एकीकडे आणि टोपी दुसरीकडे. "मस्तराम! अरे, सापडला!"

खुशालरावांनी 'नाही, नाही' म्हणून दोन्ही हात आणि मान अशी हलवली की जणू पाखरं उडवायला शेतात उभे आहेत!

"बघा, कसा घाबरला बदमाश!"

पोटात तीन अक्षरं उड्या मारत होती. खु, शा, ल! नुसती बाहेर सोडायची खोटी! पण बाहेर सोडली की नवस मोडला, महादेव कोपला, विहीर आटली, आणि वर नत्थुजी जन्मभर हसला! यातलं शेवटचं खुशालरावांना सगळ्यात जड जात होतं. त्यांनी जयवंताकडे बोट केलं, तोंडाकडे बोट केलं: घे नाव!

"अवं माय! मी नाई घेत. तुमीच बोला ना!"

खुशालरावांनी वर बोट दाखवलं, म्हणजे महादेव. मग खोदल्याची खूण केली, म्हणजे विहीर. मग दोन्ही तळहात उलटे केले, म्हणजे आटली.

"काय म्हणतो हा?" ओमप्रकाशनं विचारलं.

जयवंतानं जरा विचार केला. "वर पाहा म्हनते. मंग खड्डा. मंग खलास."

"मला खड्ड्यात गाडतो? सरकारी माणसाला धमकी?"

खुशालरावांनी कपाळावर हात मारला. मग त्यांना आठवलं की आपल्याला सही येते! त्यांनी काडी उचलली आणि मातीत, जीभ बाहेर काढून, मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं: खुशाल.

आता झालं काय होतं, की ओमप्रकाशला वाचता येत नव्हतं. पण ही गोष्ट त्यानं नोकरीला लागल्यापासून कुणाला कळू दिली नव्हती, आणि आज दोन यात्रेकरूंसमोर ती उघडी करण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. त्यानं कमरेवर हात ठेवले, वाकून अक्षरं नीट पाहिली, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गंभीरपणे वाचलं:

"म... स्त... राम! आता खुद्द लिहून दिलं!"

खुशालराव मटकन खाली बसले. तेवढ्यात ओमप्रकाशचा बूट त्यांच्या सुजल्या टाचेवर पडला.

"आऽऽऽ!"

"बोलला!" ओमप्रकाश ओरडला.

"त्याले बोलनं नाई म्हनत!" जयवंता त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "'आ' तं आमची म्हैस बी करते!"

म्हशीची उपमा खुशालरावांना लागली, पण नवस वाचला म्हणून त्यांनी ती गिळली.

गवताची एक बैलगाडी त्याच वाटेनं चालली होती. ओमप्रकाशनं ती अडवली. रेंजर साहेबांचा मुक्काम पुढच्या पाणवठ्यावर होता. बदमाशाला तिथं हजर करायचं ठरलं. पण खुशालराव गाडीत बसतील तर शपथ! पायी नवस होता ना! ओढलं, ढकललं, तरी ते सागाच्या खोडाला मिठी मारून उभे. ही मिठी पाहून तर ओमप्रकाशची खात्रीच पटली. सागवानावर एवढी माया चोराशिवाय कुणाची असणार!

शेवटी त्यानं खुशालरावांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक हातात घेतलं आणि स्वतः गवतावर जाऊन बसला. गाडी निघाली. सरकारी पहारा गवतावर, चोर पायी, आणि चोराची बायको त्रिशूळ खांद्यावर घेऊन मागून!

वाटेत यात्रेकरूंचे जथे भेटायला लागले. त्यांनी काय पाहिलं? एक माणूस. कमरेला दोर, टाच सुजलेली, तोंडातून शब्द नाही, आणि महादेवाच्या दिशेनं ओढला जातोय!

"काय कडक नवस हाय वं माय!" एक बाई म्हणाली आणि धाडकन त्यांच्या पाया पडली.

"तसं नाई वं..." जयवंता सांगायला गेली. पण तोवर बाईनं तिच्या ओटीत खोबऱ्याची वाटी आणि गूळ घातला होता. जयवंतानं गुळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "तसं म्हंजे," ती म्हणाली, "दोराची गोष्ट आमी घरून ठरवली नव्हती. वाटेनं सुचली."

खुशालरावांनी मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की गूळ वितळावा! जयवंतानं तो आधीच खाल्ला होता.

मग काय! एकानं पाहिलं की दुसरा वाकायचा. कुणी खुशालरावांच्या कपाळाला भस्म फासलं, कुणी बैलांना माळा घातल्या. दोर धरून बसलेले हे मिशावाले महाराज गुरू असणार, म्हणून लोक ओमप्रकाशच्याही पाया पडू लागले. आधी तो खेकसला, "हटो, हटो! हा चोर आहे!" पण उभ्या नोकरीत कुणी त्याच्या बुटाला नमस्कार केला नव्हता. थोड्या वेळानं तो गवतावर नीट मांडी घालून बसला, आणि आणखी थोड्या वेळानं हात वर करून आशीर्वाद द्यायला लागला.

पाणवठा आला तेव्हा गाडीमागे भलीमोठी दिंडीच होती! "हर बोला महादेव!"च्या गजरात रेंजर साहेब तंबूतून चहाचा कप घेऊन बाहेर आले. हे साहेब अकोल्याकडचे, सरळ माणूस.

"साहेब, मस्तराम आणला!" ओमप्रकाशनं गवतावरूनच सलाम ठोकला.

साहेबांनी भस्म फासलेल्या चोराकडे पाहिलं. "हा मस्तराम? याला कुणी ओळखतं का?"

आणि समोर आंब्याखाली कोण बसलं होतं? गोदाबाई, नत्थुजी आणि सगळी मंडळी! खुशालरावांचे डोळे पाणावले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नत्थुजी सुंदर दिसले.

नत्थुजी पुढे आले. खुशालरावांभोवती एक चक्कर मारली. मिशीत हसले.

"साहेब, चेहरा तं आमच्या गावच्या खुशालरावासारखाच हाय. पन हा तो नव्हं."

"कशावरून?"

"आमचा खुशालराव येवढा येळ गप बसूच शकत नाई!"

मंडळी खो-खो हसली. खुशालरावांचा चेहरा पळसासारखा फुलला. ओठ थरथरले, गाल फुगले, आता बोलतात की फुटतात! पण नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेब मात्र हसले नाहीत. "ओळख पटत नसेल तर याला बैतूलला पाठवावं लागेल," ते म्हणाले. "तिथं कोठडीत बसवून चौकशी होईल."

कोठडी म्हटल्यावर जयवंताच्या हातून त्रिशूळ खाली पडला. तिनं डोक्यावरचा पदर खोचला कमरेला, नत्थुजींना बाजूला लोटलं, आणि एवढ्या जनसमुदायासमोर, सातपुड्याच्या सगळ्या डोंगरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"खुशाल हाय हे! खुशालराव! माहा नवरा, खुशालराव! आता आयकलं का समद्याईनं? खु-शा-ल-राव!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. बैलांनी मान वर केली. आणि तेवढ्यात दुसरा आवाज उमटला:

"अवं! नाव काहून घेतलं!"

खुशालरावांचाच!

"बोलला!" नत्थुजी नाचायला लागले. "बोलला, बोलला!"

आता बांध फुटलाच होता. खुशालरावांनी साहेबांना नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, विहिरीला पाणी कसं लागलं ते सांगितलं, जिलेबीचं सांगितलं, बोरीच्या काट्याचं सांगितलं, नत्थुजीच्या मळ्यातली वांगी किडकी का निघतात तेही सांगितलं. साहेबांचा चहा गार झाला. "सोडा!" ते ओमप्रकाशवर ओरडले. "आधी सोडा याला! हा मस्तराम असता तरी सोडला असता!"

दोर सुटला. पण जयवंता जमिनीवर बसून रडत होती. "म्या नाव घेतलं. आता तुमचं आयुष्य..."

खुशालराव तिच्याजवळ बसले. काय बोलावं ते त्यांना सुचेना, हाही चमत्कारच! शेवटी ते हळूच म्हणाले, "घेतलं तं घेतलं. चांगलं वाटलं कानाले."

"चूप बसा!" जयवंता नाक ओढत म्हणाली, पण उठली.

राहिला नवसाचा प्रश्न. नत्थुजींचं म्हणणं, खुशालरावांनी आत्ताच्या आत्ता घरी परत जावं आणि पुन्हा निघावं. गोदाबाईनं त्यांना हातानंच थांबवलं.

"नवस तुह्यापाशी बोलला होता का, नत्थ्या? महादेवापाशी बोलला. मंग जाऊ दे त्याले, महादेवालेच इचारू दे. अन् तू वळख असून नाई म्हनला ना? ह्याईचा त्रिशूळ आता तू वाहायचा!"

नत्थुजींनी तो त्रिशूळ पार डोंगराच्या माथ्यापर्यंत वाहिला, आणि खुशालरावांनी शेजारून चालत तो नीट कसा धरावा ते पार माथ्यापर्यंत समजावून सांगितलं.

वर पोचल्यावर खुशालराव महादेवापुढे हात जोडून उभे राहिले. घडलं ते सगळं त्यांनी देवाला पहिल्यापासून सांगितलं. मागची रांग ओरडत होती, पुजारी घंटा वाजवत होता, पण ते सांगतच होते. अखेर दोघांनी धरून त्यांना बाहेर आणलं.

"काय इचारलं?" जयवंतानं विचारलं.

"म्हटलं, नवस फिटला का मोडला, तूच सांग बा."

"मंग? काय म्हनला देव?"

खुशालरावांचा चेहरा उतरला. "काईच नाई बोलला."

"तुमी थांबलेच कुठं," जयवंता म्हणाली, "का तो बोलीन!"