कौतुक करता करता आष्टी

"आठ दिवसांत या ऑफिसची हवा बदलवून दाखवतो, पाहत राहा," असं झाडेबाबूंनी सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर छाती पुढे काढून जाहीर केलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, कूलरची मोटर आली असावी. मे महिना होता, वर्ध्यात ऊन असं की गाडीच्या सीटवर बसण्याआधी माणूस देवाचं नाव घ्यायचा, आणि ऑफिसातला कूलर नुसता आवाज करून लोकांची समजूत काढत होता. पण झाडेबाबूंच्या डोक्यात कूलर नव्हताच. त्यांच्या डोक्यात कौतुक शिरलं होतं.

गजेंद्र झाडे हे वर्ध्यातल्या एका सरकारी ऑफिसात आस्थापनेचे बाबू. ऑफिसचं नाव सांगत नाही, उगाच कोणाला आपलंच वाटायचं. आस्थापना म्हणजे दुसऱ्यांच्या रजा, दुसऱ्यांच्या वेतनवाढी आणि दुसऱ्यांच्या बदल्या. दर मे महिन्यात बदल्यांचे आदेश झाडेबाबूंच्याच बोटांखालून निघायचे. आणि बदली झाली की निरोप समारंभ आला, त्यातलं भाषणही त्यांच्याकडेच. त्या ऑफिसात हातात नारळ आल्याशिवाय कोणाचं कौतुक करायची पद्धतच नव्हती. त्यामुळे तिथं जे काही कौतुक आजवर झालं, ते सगळं झाडेबाबूंच्या तोंडून, आणि ज्याचं झालं तो दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही.

एरवी मात्र हा माणूस जन्माचा नावं ठेवणारा. आंबा आंबट निघाला तर आंबट म्हणून, गोड निघाला तर "नुसती साखर हाय, आंब्याची चव कुठं हाय" म्हणून. सिंदी मेघेला स्वतःचं घर बांधलं, रंगाचा वास अजून भिंतीत होता, तर वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांना प्रत्येक खोलीत नेऊन गवंड्यानं काय काय बिघडवलं ते यांनी हौसेनं दाखवलं.

यंदा मात्र झाडेबाबूंना बदल्यांची धास्ती होती. आष्टीची जागा रिकामी झाली होती. आष्टीशी कोणाचं वैर नाही, गाव चांगलं, तिथली संत्री तर फारच चांगली. पण ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आर्वी ओलांडा, तळेगाव ओलांडा, तेव्हा कुठं येणार. या ऑफिसातून एकाला तिथं जावंच लागणार होतं. खुर्चीला सगळ्यात जास्त दिवस चिकटलेला माणूस कोण, हे झाडेबाबूंइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. नव्या घराच्या अंगणात अजून तुळससुद्धा लावून झाली नव्हती, आणि तेवढ्यात खोली भाड्यानं घेऊन आष्टीला राहायचं म्हणजे कठीण होतं.

अशात शनिवारी माधवी मॅडमनी, म्हणजे ऑफिसच्या साहेबांनी, कर्मचाऱ्यांसाठी 'आनंदी कार्यालय' नावाचं शिबिर ठेवलं. नागपूरहून एक सर आले होते. त्यांनी गालाला माईक चिकटवला होता आणि ते एका जागी उभे राहत नव्हते. "रोजच्या साध्या गोष्टींत चांगलं शोधा," सर म्हणाले. "भाजीत शोधा, शेजाऱ्यात शोधा, आणि सापडलं की तोंडानं बोला. जे द्याल ते परत येईल." बाकीचे समोशाची वाट पाहत होते. एकट्या झाडेबाबूंनी हात वर केला.

"सर, हे परत किती दिवसांत येते?"

"आठ दिवसांत," सर म्हणाले.

झाडेबाबूंनी मनातल्या मनात हिशेब जुळवला. सगळ्यांचं कौतुक करायचं. सगळे आपल्यावर खूश. मॅडम तर फारच खूश. आणि आवडत्या माणसाला कोणी आष्टीला पाठवत नाही. इतका स्वस्त उपाय आजवर कोणाला सुचला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

रविवारी पहिला प्रयोग घरीच केला. मंजुषाबाईंनी ताटात वांग्याची भाजी वाढली. झाडेबाबूंनी एक घास घेतला. भाजी खरोखर फक्कड झाली होती. त्यांनी घसा साफ केला. आता अडचण अशी की, कौतुकाची त्यांना एकच भाषा येत होती.

"मंजुषा," ते म्हणाले, "तुह्यासारखी मनमिळाऊ व्यक्ती या घराले लाभली, हे आमचं भाग्य हाय. तुह्या हातची ही चव सदैव आमच्या स्मरणात राहीन."

मंजुषाबाईंचा पळी धरलेला हात हवेतच राहिला. "काय जी, डॉक्टरकडे गेलते काय?"

"नाई वं."

"मंग काऊन असे बोलून राह्यले?"

"कौतुक करून राह्यलो तुहं."

"पण काऊन?"

यावर काय म्हणायचं ते नागपूरच्या सरांनी सांगितलं नव्हतं. मंजुषाबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला, ऊन लागलं असं ठरवलं आणि तांब्याभर कैरीचं पन्हं समोर बसून पाजलं. सोमवारी निघताना झाडेबाबूंच्या खिशात एक कांदाही घातला. तो कांदा खिशात घेऊनच झाडेबाबू ऑफिसची हवा बदलायला निघाले.

आधी गाठला रत्नदीप थूलला. रत्नदीप आवक-जावक बघायचा. त्याची बायको वर्ध्याच्याच दवाखान्यात नर्स, पोराला यंदाच मोठ्या मुश्किलीनं शाळा मिळालेली. झाडेबाबू त्याच्या टेबलाशी उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "रत्नदीप, तुमच्यामुळं ही शाखा नावारूपाला आली. हे टेबल पाह्यलं का आमाले तुमचीच आठवण येईन."

रत्नदीपनं मान वर केली. "येईन?"

"येईनच न."

"येईन म्हंजे? मी तं इथंच बसून हाओ."

"हो न, आता हाच न तुमी," झाडेबाबू प्रेमानं म्हणाले, आणि त्याचा खांदा थोपटून पुढं गेले.

त्या 'आता'नं रत्नदीपच्या तोंडचं पाणी पळालं. बदल्यांचा महिना, आदेश टाइप करणारा माणूस, आणि त्याच्या तोंडी निरोपाचं भाषण. यातून दुसरा अर्थ काढायला तो काही खुळा नव्हता.

लेखा विभागातल्या कमलाताईंनी दुपारच्या डब्यातली जवसाची चटणी पुढं केली. झाडेबाबूंनी बोट चाटलं आणि म्हणाले, "ताई, तुमी जिथं असान, तिथल्या लोकांले असाच लळा लावान." कमलाताईंनी डबा तसाच झाकला आणि व्हरांड्यात जाऊन आपल्या भाऊजींना फोन लावला. भाऊजी पक्षाचे कार्यकर्ते होते. ड्रायव्हर बंडूजींना झाडेबाबू म्हणाले, "इतके वर्षं गाडी चालवली, कोणाले खरचटलं नाई. आता तुमाले जरा आराम भेटला पाह्यजे." दुसऱ्या दिवशी बंडूजी कमरेला रुंद पट्टा बांधून आले आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट सगळ्यांना दिसेल असं खिशात खोचून फिरू लागले.

बुधवारपर्यंत ऑफिसात एकही माणूस कौतुकाविना उरला नाही. त्याबरोबर एक कुजबुज सुरू झाली. झाडेबाबू यादी सांगून राह्यला, पण सरळ नाई सांगत. तोंड पाहून भाषण करते. कोणी म्हणे, एका आष्टीवर भागत नाही, यंदा पूर्ण ऑफिसच हलवून राह्यले. मग जो तो आपापल्या परीनं कामाला लागला. कोणी आमदारांच्या पीएला गाठलं, कोणी नाचणगावच्या सासऱ्याला. आणि कोणाला तरी सुचलं की यादी अजून सहीला गेली नसेल, तर झाडेबाबूंनाच खूश ठेवावं.

गुरुवारी कमलाताईंनी झाडेबाबूंना कुरड्यांचा डबा आणून दिला. बंडूजींनी कैरीचं लोणचं आणलं. रत्नदीपनं आपल्या खुर्चीची गादी काढून झाडेबाबूंच्या खुर्चीवर घातली आणि वर म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखा दिलदार माणूस पूर्ण जिल्ह्यात नाई."

झाडेबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी दिलदार म्हटलं नव्हतं. ते घरी येऊन मंजुषाबाईंना म्हणाले, "सर बोलले तसंच झालं न. दिलं ते परत येऊन राह्यलं."

मंजुषाबाईंनी डबा उघडून पाहिला. "कुरड्या तं चांगल्या हाये," त्या म्हणाल्या. "पण कमलाताई फुकटात कोणाले पाणी नाई पाजत. काय केलं तुमी?"

"कौतुक."

"पुन्हा?" असं म्हणून त्या पन्हं करायला उठल्या.

राहिल्या होत्या माधवी मॅडम. शुक्रवारी झाडेबाबू फायलीवर सही घ्यायला आत गेले आणि सही झाल्यावरही उभेच राहिले. मॅडमनी विचारलं, "काय झाडे?"

"मॅडम," झाडेबाबू म्हणाले, "तुमच्या कार्यकाळात या ऑफिसनं जे सोन्याचे दिवस पाह्यले, ते पुढच्या अधिकाऱ्यांसाठी आदर्श ठरतील."

मॅडमचं पेन थांबलं. 'कार्यकाळ' हा शब्द संपलेल्या गोष्टीला लावतात, हे सरकारी नोकरीत असलेल्याला शिकवावं लागत नाही. त्यात 'पुढचे अधिकारी' आले होते. मॅडमला येऊन वर्षही झालं नव्हतं. झाडे बाहेर जाताच त्यांनी नागपूरला फोन लावला. नागपूरच्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी मुंबईला विचारलं. मुंबईहून संध्याकाळी निरोप आला की असं काही नाही, पण मॅडमना बदली हवी असेल तर गडचिरोलीची जागा आहे. मॅडमनी तो फोन घाईनं ठेवला. तोच दुसरा फोन वाजला.

तो रत्नदीप थूलला हलवू नका म्हणून सांगणारा होता. तिसरा कमलाताईंसाठी. मग बंडूजींच्या कमरेसाठी एका नगरसेवकाचा. त्या फोनच्या माळेतून मॅडमना हळूहळू सगळा उलगडा झाला.

सोमवारी झाडेबाबूंना आत बोलावणं आलं. बरोबर आठ दिवस झाले होते, म्हणून ते केस विंचरून गेले.

"झाडे, शिबिर तुम्ही फारच मनावर घेतलं," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. पूर्ण हवाच बदलून गेली."

"गेली खरी. आता ऐका. आष्टीसाठी एक नाव मला आज पाठवायचं आहे. या ऑफिसात ज्याच्यासाठी फोन आला नाही असा एकच माणूस उरलाय. शिपायासाठीसुद्धा दोन आले."

झाडेबाबू कौतुकाच्या तंद्रीत होते, त्यांना समजायला थोडा वेळ लागला. आठवडाभर ते दुसऱ्यांसाठी बोलत फिरले होते, आणि स्वतःसाठी कोणाला बोलायला सांगायचं असतं हे विसरूनच गेले होते. "पण मॅडम," ते म्हणाले, "मी तं सगळ्यांचं चांगलंच बोललो."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "आदेश टाइप करून आणा."

तो आदेश झाडेबाबूंनीच टाइप केला. बाहेर येऊन त्यांनी रत्नदीपला सगळी हकिगत सांगितली. रत्नदीपनं आधी लांब श्वास सोडला. मग म्हणाला, "म्हंजे तुमी खरंच आमचं कौतुक करून राह्यलते?"

"मंग काय तं."

"मंग आधी सांगा लागत होतं न जी. खालीपिली माह्या सासऱ्याले आमदाराच्या दारात दोन दिवस बसवलं." आणि तो आपली गादी काढून घेऊन गेला.

संध्याकाळी झाडेबाबू घरी आले. उंबऱ्यावरच सांगून टाकलं की आष्टी आली. मंजुषाबाईंनी पाट मांडला, ताट वाढलं. वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकर होती. त्या समोर बसल्या आणि पदरानं उगाच तोंड पुसलं.

"आता समजलं मले," त्या म्हणाल्या. "तुमाले पहिलेच ठाऊक होतं. म्हणून आठ दिवस गोड गोड बोलून राह्यलते. भाग्य काय, स्मरण काय. बायकोले असं सांगतात काय जी, भाषणानं?"

"अवं, तसं नाई वं. भाजी खरंच चांगली झालती."

"राहू द्या. आता खोटं बोलायची गरज नाई तुमाले."

झाडेबाबूंनी तिच्याकडे पाहिलं. नवं घर होतं, भिंतीला रंगाचा वास होता, आणि समोर एक बाई रडू आवरत बसली होती. तिला ते काय सांगणार होते? पहिल्या दिवसापासून या बाईच्या हातचं त्यांना आवडत आलं होतं, आणि ज्या दिवशी तोंडानं बोलले, त्याच दिवसापासून तिला ते खोटं वाटत होतं. आष्टीच्या खोलीत ही भाजी मिळणार नाही, या विचारात त्यांनी मोडलेला घास ताटात परत ठेवला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"काऊन, उतरत नाई काय?" मंजुषाबाईंनी विचारलं.

"मीठ जास्त झालं," झाडेबाबू म्हणाले. "अन् वांगे बी नीट शिजले नाई. काय लक्ष असते तुहं, कोणास ठाऊक."

मंजुषाबाईंनी चमकून वर पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"मुकाट्यानं जेवा," त्या म्हणाल्या, आणि पळीभर भाजी आणखी वाढली.