दातांच्या डॉक्टरांची दुसरी सर्व्हिस

त्या सोमवारी सकाळी दातांचे डॉक्टर दवाखान्याचं कुलूप उघडता उघडता एकदम थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "बस्स! दुसरी सर्व्हिस सुधारायचीच." निर्णय एवढासाच. पण ह्या एवढ्याशा निर्णयापायी पुढे एक दिवा, एक शॉवर आणि एक रिटायर्ड हेडमास्तर कामी आले.

टेनिस खेळताना डॉक्टरांची पहिली सर्व्हिस तोफेसारखी सुटायची आणि कुठेही पडायची. (एकदा शेजारच्या कोर्टात पडली, तिथल्या लोकांनी ती परतवलीसुद्धा.) मग दुसरी. ती ते इतकी जपून टाकत, की आजाऱ्याला चमच्यानं पाणी पाजतायत असं वाटावं. पलीकडे साडूभाऊ वाटच बघत असायचे. एक पाऊल पुढे येऊन ते असा फटका हाणत, की चेंडू थेट नेटजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बायकोच्या अंगावर. त्या भीतीनं डॉक्टर आणखी जपायचे, आणि चेंडू जाळीत. क्लबची मागची मिक्स्ड डबल्सची फायनल अशाच डबल फॉल्टवर, दोन्ही सर्व्हिस वाया जाऊन, गेली होती.

आदल्याच दिवशी, रविवारी जेवताना, आपल्या बहिणीच्या आणि साडूभाऊंच्या देखत, बायकोनं सांगून टाकलं, "अहो, ह्या वेळी पुन्हा तसं झालं ना, तर पुढच्या वर्षी मी क्लबच्या कोचबरोबर खेळेन. तुम्ही खुर्चीवर बसून स्कोअर सांगा."

साडूभाऊ म्हणाले, "आवाज चांगला आहे हो त्यांचा." हा माणूस वकील होता. समजूतसुद्धा चिमटा काढूनच घालायचा.

डॉक्टरांना ते फार लागलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती. दोघांनी एकत्र हौसेनं करावं असं हे एकच उरलं होतं.

कोचनं त्यांना सांगितलं, "डॉक्टर, चेंडूला मारू नका. घासा. खालून वर. मग तो जाळीवरून आरामात जातो, झपकन खाली येतो आणि टप्पा पडला की खांद्याएवढा उसळतो." डॉक्टरांनी आठवडाभर घासलं. चेंडू कधी झाडात, कधी कोचच्या चहात.

मग एके दुपारी हेडमास्तर खुर्चीत आ करून पडले होते आणि डॉक्टर त्यांना रोजचंच समजावत होते. "मास्तर, ब्रश आडवा चालवू नका. खालच्या दातांना खालून वर. जोर नको. मनगट सैल सोडा आणि..." डॉक्टर एकदम ओरडले, "अरे देवा! सापडलं!"

"किडलाय?" मास्तर घाबरले.

"नाही हो, मनगट! खालून वर!"

"म्हणजे काढावा लागणार?"

पण डॉक्टर कपाटामागून रॅकेट घेऊन आलेही होते. "बघा हं मास्तर, असं..." खुर्चीवरचा मोठा दिवा फुटला. मास्तर गळ्यातल्या नॅपकिनसकट जे पळाले ते घरी जाऊनच थांबले.

त्या दिवसापासून डॉक्टरांना ध्यासच लागला. घरी सराव कुठे करणार? बाथरूममध्ये. आतून धडाम् आवाज आला.

"अहो, काय फुटलं?" बायकोनं दार वाजवलं.

"काही नाही! दात घासतोय!"

"रॅकेटनं?"

शॉवर मोडून डॉक्टरांच्या डोक्यावर धो धो पाणी पडत होतं, आणि आनंदानं त्यांना ते कळतही नव्हतं. मनगटाला वळण लागलं होतं!

फायनलला समोर तेच, मेहुणी आणि साडूभाऊ. डॉक्टरांची पहिली सर्व्हिस नेहमीप्रमाणे कुंपणावर. नेटजवळ बायकोनं रॅकेट पोटापुढे धरली आणि डोळे मिटले. दुसरी आली. जाळीवरून ऐटीत गेली, झपकन उतरली आणि टप्पा पडून उसळली ती साडूंच्या कानापर्यंत. वकीलसाहेबांनी रॅकेट फिरवली ती नुसत्या हवेत. बायकोनं डोळे उघडले, मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. असं तिनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग काय, डॉक्टर चेकाळले! पहिली सर्व्हिस ते मुद्दामच वाया घालवू लागले, कधी एकदा दुसरी मारतो असं झालं होतं त्यांना. साडूंनाही ते कळलं. पहिलीकडे ते बघेनासेच झाले; उसळता चेंडू घ्यायला सरकत सरकत पार कुंपणाला टेकले.

मॅच पॉइंट. डॉक्टरांनी पहिली उगाच उडवायची म्हणून उडवली. चेंडू रॅकेटच्या काठाला लागून सरळ आभाळात गेला. सगळे वर बघत राहिले. तो सावकाश खाली आला आणि जाळीपलीकडे, अगदी चौकोनात, पडला. फसकन. जेमतेम वीतभर उसळला. साडूभाऊ कुंपणापासून धावत सुटले, अर्ध्यात पाय घसरून पालथे पडले, आणि चेंडूचा दुसरा टप्पा त्यांच्या नाकासमोर पडला.

जिंकले! टाळ्या, आरडाओरडा! बायकोनं धावत येऊन चारचौघांत मिठी मारली. "पुढच्या वर्षीही तुम्हीच हं! दुसऱ्या कुणाचं नाव काढणार नाही मी!"

"दुसरी... दुसरी सर्व्हिस कशी वाटली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ती? ठीक आहे हो. पण शेवटची ती पहिली! काय डोकं लावलंत! ते दुसरीचं खूळ आता सोडा, उद्यापासून फक्त त्या पहिलीचाच सराव."

"मलाही शिकवा, डॉक्टर," कोच मागून अदबीनं म्हणाला.

डॉक्टरांनी खरं सांगायला आ केला. तो तसाच राहिला.

"आणि तोंड मिटा आता," बायको कानात म्हणाली, "फोटो काढतायत."