येसाजी अस्वलाची येकट्याची गाडी

पोराहो, येक जंगल व्हतं. कुटं व्हतं ते इचारायचं न्हाई. इचारलं तर मी गोष्ट हितंच सोडून उठीन.

तर त्या जंगलात येसाजी नावाचं अस्वल राहायचं. अंगानं दांडगं, रागानं त्याहून दांडगं. त्याच्या बायकूचं नाव सारजा.

सारजा दर साली पंचमीला म्हायेरी जायची. म्हायेर दोन डोंगर पल्याड. पंचमी झाली की येसाजी तिला आनायला जायचा आन् दोघं चालत घरी यायची. गेल्या साली सारजाची भावजय हसली. "वन्सं, द्येवानं तुमच्या मालकाला पाय लई मजबूत दिल्यात," म्हनली.

हे सारजाला झोंबलं. औंदा जाताना तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "अवो, ह्या बारीला मी गाडीवर बसून माघारी येनार. समद्यांच्या देखत. चालत न्यायला आलात तर मी तिथंच राहनार. तुमी हितं भाकरी थापत बसा."

येसाजीला भाकरी येत न्हवती. त्यानं सालभर जमवलेला मध देऊन टाकला आन् मोटारसायकल घेतली.

गाडी नवीकोरी, पन दिसायला जुनी. गोल दिवा, वाटोळी टाकी, पार आज्याच्या काळातली. आता तुमी म्हनाल, जुनीच पायजे व्हती तर जुनी का न्हाई घेतली? तुमाला अक्कल हाय म्हनून तुमी आसं म्हनता. जंगलात फ्याशन व्हती.

गाडी दारात लागली आन् लिंबावरनं पिरा माकड खाली आलं. ह्या माकडाकडं सोताची सायकलसुदिक न्हवती. पन मोबाईलात बघून बघून जगातल्या समद्या गाड्या त्याला पाठ व्हत्या.

"येसाजीदादा, गाडी ब्येस हाय," पिरा म्हनला. "किटल्या कुटं अडकवनार?"

"कसल्या किटल्या?"

"दुधाच्या. दूधवाल्याची गाडी हाय न्हवं ही?"

येसाजीचं डोस्कं फिरलं. "थोबाड फोडीन."

"माझं थोबाड फोडून गाडी सुधारती व्हय? हे बघा."

मोबाईलात परमुलखातलं येक पांढरं अस्वल घरच्या घरी गाडी कापत व्हतं. कापून झाल्यावर ते गाडीवर बसलं आन् बर्फातनं सुसाट निघून गेलं. मागनं गानं वाजत व्हतं. येसाजी तोंड उघडं टाकून बघत बसला. त्या अस्वलाला बायकू हाय का न्हाई, हे काय त्यात दाखवलं न्हवतं.

येसाजीनं लोखंड कापायचा ग्राइंडर उसना आनला.

पयलं साडीगार्ड निघालं. "ह्यानं गाडी बाईमानसाची दिसती," पिरा फांदीवरनं म्हनला. मंग क्यारेज गेलं. मंग मागचं मडगार्ड. सायलेन्सर काढून तिथं आखूड नळकांडं बसवलं. गाडी चालू केली तशी बिळातलं समदं ससं धरनीकंप आला म्हनून बाहेर पळालं. येसाजीला आनंदानं भरून आलं.

दिव्यापुढं जाळी पायजे व्हती. घरात हुडकताना सारजाची पिठाची चाळन हाती लागली. दिव्यावर ठिवली तर बरोब्बर बसली.

ऱ्हायली शीट.

"लांब शीट म्हंजी यष्टीचं बाकडं," पिरा म्हनला.

येसाजीनं मागची अर्धी शीट कापून उकिरड्यावर फेकली. पुढच्या अर्ध्या शीटला तिरप्या चौकड्यांचं कव्हर पायजे, व्हिडिओत व्हतं तसं. आता तसल्या टाक्यांची चीज घरात येकच. सासूनं लेकीला दिलेली गोधडी. येसाजीनं ती मधोमध फाडली आन् नख्या खुपसून खुपसून शीटवर शिवली. बोटं सोलली, जेवान इसरला. खरं सांगतो, येवढ्या मायेनं त्यानं आजवर कायबी केलं न्हवतं. लगीनसुदिक.

"आता कशी येकट्या वाघाची दिसती," पिरा म्हनला.

"मी अस्वल हाय."

"त्येच ते."

पंचमी झाली. येसाजी निघाला. मडगार्ड न्हाई म्हनून पाठीवर मानेपतोर चिखलाचा पट्टा उठला, पन त्याला पाठ कुटं दिसत व्हती? आवाज म्हायेरी त्याच्या आधी पोचला. समदं गनगोत दारात गोळा झालं. सारजानं ठिवनीतलं लुगडं नेसलेलं. पायाशी पापडाकुरड्याचं गाठोडं. भावजय गप उभी व्हती, आन् ती गप हाय हे बघून सारजाची छाती फुगली व्हती.

येसाजीनं ऐटीत पाय टेकला.

सारजा गाडीच्या मागं गेली. मंग पुढं आली. मंग परत मागं गेली.

"अवो, मी कुटं बसू?"

येसाजीनं मागं वळून बघितलं. तवा कुटं त्याच्या ध्यानात आलं. इतकं दिस येकदाबी आलं न्हवतं.

"ही येकट्याची गाडी हाय," तो कसाबसा म्हनला. "तशीच फ्याशन हाय."

भावजयीनं तोंडात पदर कोंबला. सासरा लांबनंच म्हनला, "जावईबापू, अर्धीच मिळाली व्हय?"

सासू वाकून शीट चाचपत व्हती. "सारजे, ही माझी गोधडी न्हवं?"

सारजानं दिव्याकडं बघितलं. "आन् ही माझी चाळन."

"आगं, ती जाळी हाय."

"चाळन हाय. कडंला आजून पीठ हाय."

चूक घावली की येसाजी वरडायचा. "मंग काय करू आता? परत चिकटवू? बसायचं तर बस, न्हाईतर ऱ्हा हितंच!"

"बसते की," सारजा म्हनली. तिनं पदर कमरंला खोचला, काष्टा घट्ट केला. "चावी द्या."

"तुला कुटं येती गाडी?"

"पंचमीला नुसता झोका खेळत व्हते व्हय? दादाची गाडी शिकले. तुमच्या मागं बसायचं तर तुमाला कितपत येती ते कळाया नगं? गोधडी माझ्या आयची, चाळन माझी. गाडी येकट्याची हाय म्हनता. बरं झालं, मी येकटीच हाय."

तिनं गाठोडं नवऱ्याच्या डोस्क्यावर ठिवलं, गाडीला टांग मारली आन् गेली. भावजयीचं हसू गपकन बंद झालं. ती आपल्या नवऱ्याला हळूच म्हनली, "अवो, आपल्या गाडीची मागची शीट कापता येती का?"

येसाजी गाठोडं घेऊन चालत निघाला. दोन्ही डोंगर त्याला गाडीचा आवाज ऐकू येत व्हता. मंग आवाज थांबला. "पोचली," येसाजी सोताशीच म्हनला.

तो घरी आला तर दारात गाडी, घरात भाकरीचा वास.

"बाकी काय बी म्हना," सारजा तव्यावरची भाकरी उलटत म्हनली, "गाडी झकास केलीत. अंगात वारं भरतं बघा. लुगडं तेवढं चिखलानं भरलंय. मडगार्ड तुमी कापलं, तर तुमीच धुवा."

"झकास" ऐकून येसाजी हरखला. त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या आन् गुमान लुगडं धुवायला बसला.

आता तात्पर्य. त्याबिगर तुमी उठनार न्हाई.

तात्पर्य: माकडाचं ऐकू नये, आसं तुमचं मास्तर सांगत्याल. खुशाल ऐकावं. येसाजीनं ऐकलं नसतं तर सारजा जलमभर मागंच बसली असती.