आवाजाले भाव नाई

दौलतभाऊंच्या फाटकाशी उभं राहून हाका मारण्यात अर्थ नसतो. ते घरातच असतात, त्यांना ऐकूही येतं, पण ते येत नाहीत. तुम्ही ओरडून थकता, गप्प होता, परत फिरावं का असा विचार करू लागता, आणि तेवढ्यात ते हसत बाहेर येतात. "बोला, वामनभाऊ." वर खिशातला गुळाचा खडा काढून तुमच्या हातावर ठेवतात. नागभीडला नवीन आलेला माणूस यावर चिडतो. आम्ही जुने शेजारी मुकाट गूळ खातो आणि कामाचं बोलतो. गूळ माझ्याच किराणा दुकानातला असतो, ही गोष्ट वेगळी.

ही सगळी घोड्यांची शिस्त. दौलतभाऊंकडे मैना नावाची पांढरी घोडी आहे. लग्नसराईत ती नवरदेव मिरवते आणि त्यावर दोघांचं भागतं. पण भाऊंचं खरं नाव आहे ते बिघडलेली घोडी सुधारण्यात. पार ब्रह्मपुरी, वडशाकडून लोक आपापली जनावरं घेऊन येतात. कुणी दाराला लाथा मारतं, कुणी डीजे लागला की खिंकाळत सुटतं, कुणी दाणा-चंदीची बादली पाहिली की तबेला डोक्यावर घेतं. भाऊ हात उगारत नाहीत की आवाज चढवत नाहीत. जनावराकडे पाठ करून नुसते उभे राहतात. ते गप्प झालं की वळतात आणि गूळ देतात.

"आवाजाले भाव नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ओरडल्यावर देल्लं त ते ओरडणंच शिकते. चुप झाल्यावर द्या."

एकदा एका वरातीत भाड्यानं आणलेला घोडा भर रस्त्यात खिंकाळायला लागला. भाऊ सहज बघायला गेलेले. ते पुढे झाले आणि घोड्याकडे पाठ करून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. वर नवरदेव घामाघूम, खाली नवरदेवाचे मामा भाऊंच्या नावानं शंख करताहेत. घोडा लवकर गप्प झाला. मामांना वेळ लागला. भाऊंनी दोघांनाही गूळ दिला.

फोनचीही तीच गत. घंटी वाजत असेपर्यंत ते त्याला हात लावत नसत. थांबली की स्वतः लावत.

बायको लवकर गेली आणि शारदाला, आपल्या एकुलत्या एका मुलीला, त्यांनी एकट्यानं वाढवलं. तीही याच शिस्तीत वाढली. लहानपणी दुकानात यायची आणि काउंटरला हनुवटी टेकवून उभी राहायची. बाकीची पोरं गोळ्यांसाठी कालवा करायची. ही मात्र मी विचारेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. किती गुणाची पोर, असं सगळी आळी म्हणायची. मीही म्हणायचो. पुढे ती लग्न होऊन नागपूरला गेली.

गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा तिला शेजाऱ्यांकडून कळलं, की भाऊंना मध्यंतरी एका घोड्यानं लाथ मारली होती आणि बरगडी मोडून ते कित्येक दिवस घरात पडून होते. त्यांनी तिला कळवलंच नव्हतं. त्या दिवशी दुपारी शारदाचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"बाबा, इथी मरून पडले असते त मले कोणी सांगतलं असतं? माह्यासंग चला. काही त बोला ना, बाबा!"

मग आवाज थांबला. थोड्या वेळानं ती पिशवी घेऊन दुकानासमोरून बसस्टँडकडे गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर मैना बिघडली. ज्यांनी अख्ख्या तालुक्याची घोडी सुधारली, त्यांचीच घोडी पहाटेपासून टिनाच्या दाराला लाथा मारू लागली. आळीची झोप उडाली आणि तक्रार घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी रिवाजाप्रमाणे फाटकाशी गप्प उभा राहिलो. कुणी आलं नाही, म्हणून आत गेलो. मैना दणादणा लाथा मारत होती आणि दौलतभाऊ तिला गूळ भरवत होते.

"भाऊ, हे काय? ओरडण्याले भाव देऊन राह्यले तुमी?"

ते बराच वेळ घोडीची मान चोळत राहिले.

"शारदा ओरडत होती ना, तवा मी पाठ करून उभा होतो," ते म्हणाले. "सवयच तशी. मंग ते चुप झाली. मले वाटलं, शांत झाली. गूळ घेऊन वळलो, त अंगणात कोणी नाई."

त्यांनी मैनेला गुळाचा आणखी एक खडा दिला.

"फोन लावतो. वाजत राह्यते, ते उचलत नाई. मंग मीच चुप बसतो. म्हटलं, चुप राह्यलो त लावन कधी." त्यांनी खिशातला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला. "मैना लाथ मारते तवर ते आहे, एवढं त समजते, भाऊ. तिले चुप नाई करत मी."

मी तक्रार केलीच नाही. निघालो, तेव्हा ते फाटकापर्यंत आले.

"तुमी आता चुपचाप उभे नोका राहू," म्हणाले. "हाक मारत जा. जोरानं."

दुसऱ्या दिवशी पहाटे टिन वाजलं आणि लगेच त्यांचा आवाज आला, "आलो बाई, आलो." मला फार वाईट वाटलं. दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्या फाटकाशी गेलो आणि मोठ्यानं हाक मारली. ते एका पायात चप्पल घालून धावतच आले आणि माझ्या मागे रस्त्यावर कुणी आहे का ते बघू लागले.

"काय झालं, वामनभाऊ?"

"काही नाई. असंच."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि गूळ द्यायचा विसरले.