सर्जेरावांच्या स्वागताचा कागद

मुलीला घेऊन कुणाकडे जायचं असलं की आमचे शेजारी सर्जेराव आधी घरात तालीम घेतात. टॉवेल डोक्यावरून घेऊन ते यजमानीण होतात आणि पाच वर्षांच्या तुळजेला विचारतात, "आणखी एक वडा घेतीस, बाळ?" तिनं "नको आत्या, पोट भरलं" म्हणायचं असतं. ती "दोन" म्हणते. मग तालीम पहिल्यापासून.

"मुलाचं तोंड म्हणजे बापाची अब्रू, काका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्या पोंगलला ओरत्तनाडूच्या कचेरीतल्या त्यांच्या साहेबांना तुळजेनं विचारलं होतं, "ते झोपणारे तुम्हीच का?" तेव्हापासून नियम झाले. पाहुण्यांना प्रश्न विचारायचा नाही. पाहुण्यांनी काही मागितलं तर लगेच द्यायचं.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं थोडी उरलीत. त्यांतलं अस्सल घर आपलंच, असं सर्जेराव सांगतात. त्यांचे पूर्वज दरबारात नेमके कोण होते हे दर वर्षी बदलतं; बढती चालूच आहे.

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्याला महाराष्ट्रातून एक प्राध्यापक आले. स्वागताचं भाषण सर्जेरावांकडे होतं. ते जमलं तर अध्यक्षपदही त्यांच्याकडेच जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

भाषण जमलं. "तीनशे वर्षं आमच्या घरानं मराठी जिवापाड जपली," हे वाचताना त्यांचा आवाज भरून आला. टाळ्या झाल्या. प्राध्यापक उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"हा कागद मला द्या. तंजावरच्या माणसाच्या हातची मराठी! जपून ठेवीन."

सर्जेरावांनी कागदाची चौघडी करून ती खिशात घातली. "अक्षर चांगलं नाही, साहेब. मग पाठवतों."

"अहो, तसाच द्या."

"शाई पसरलीय."

हात तसाच पुढे होता. डोक्यावर पंखा फिरत होता आणि सर्जेरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुळजा उठली आणि व्यासपीठावर चढली. त्यांनी डोळे वटारले, पण तिला नियम पाठ होता. बापाच्या खिशातून कागद ओढून, उलगडून, तिनं तो दोन्ही हातांनी पाहुण्यांना दिला.

मग प्रश्न न विचारण्याचा नियम मोडला, तोही माइकसमोर.

"अप्पानं तमिळ अक्षरांत लिवलंय की! मामांना वाचायला येतं का?"

प्राध्यापकांनी कागद उलटा धरला होता. हसलं कुणीच नाही. निम्म्या सभागृहाची मराठी घरी तमिळ अक्षरांतच लिहिली जाते. माना एकदम खाली गेल्या. सर्जेराव पोरीचं मनगट धरून न जेवता निघून गेले.

आज पोरीचं काही खरं नाही, असं वाटून मी भिंतीपलीकडे कान लावून बसलो. काहीच ऐकू आलं नाही.

सकाळी ते चार आंतर्देशीय पत्रं घेऊन माझ्याकडे आले. "काका, तुम्ही हिंदीच्या परीक्षा दिल्यात. तुम्हाला ही अक्षरं येतात ना?"

पत्रं त्यांच्या आत्याची होती. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. पुढे लग्न होऊन ती सांगलीला गेली आणि तिथं ही देवनागरी अक्षरं शिकली. आता तिला ऐकू येत नाही, म्हणून फोन बंद.

"मला वाचायला येतं असं मीच तिला, इथं सगळ्यांना सांगून बसलों," सर्जेराव म्हणाले. "मग कुणाला विचारणार? आता काय, सगळ्यांना ठाऊकच झालं."

पहिल्या तिन्हींत गुडघे, पाऊस आणि तुळजेची चौकशी होती. चौथ्यात दोनच ओळी होत्या. "सर्जा, माझं काही चुकलं असेल तर तसं लिही. पण लिही."

त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "जबाब लिहा, काका. मी सांगतों."

मी कागद पुढे ओढला. दरबारी घराण्याचा हा वारस माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"जेवलीस का, विचारा," ते म्हणाले. "पहिलं ते विचारा."